छातीची दुसरी उघडणी आणि नेवाशाचे सल्लागार मंडळ

हृदयावर एकदा शस्त्रक्रिया होऊन सुखरूप परत आलेल्या माणसाला नेवासा तालुक्यात जो मान मिळतो तो बिनविरोध असतो: लग्नात त्याला पंख्याखालची खुर्ची मिळते, पंगतीत त्याच्यासाठी कमी तिखटमिठाची वेगळी वाटी येते, आणि बांधावरचे भांडण रंगात आलेले असतानाही ‘जाऊ द्या, त्यांचं बायपास झालंय’ एवढ्या एका वाक्यावर विरुद्ध पक्ष माघार घेतो. हा मान दहा-पंधरा वर्षे उपभोगून झाल्यावर एखाद्या सकाळी डॉक्टर इकोचा, म्हणजे ध्वनिलहरींच्या साह्याने हृदयाचे हलते चित्र दाखवणाऱ्या तपासणीचा, अहवाल दोनदा वाचतात, चष्मा काढतात आणि ‘पुन्हा करावं लागेल’ असे सांगतात. या दुसऱ्या शस्त्रक्रियेला डॉक्टर मंडळी ‘रिडू’ म्हणतात, तर गाव ‘परत फाडायचं म्हणतेत’ असे म्हणून मोकळे होते. प्रत्यक्ष शस्त्रक्रियेविषयी शल्यविशारदांनी भरपूर लिहून ठेवलेले असल्याने प्रस्तुत विवेचन तिच्याआधीच्या त्या काही आठवड्यांपुरते मर्यादित आहे, ज्यांत रुग्णाच्या ओट्यावर रोज सकाळ-संध्याकाळ एक सल्लागार मंडळ भरते आणि त्याच्या चहाला रुग्णाची बायको कंटाळलेली असते.

पहिली शस्त्रक्रिया नीट होऊनही दुसरी का लागावी, हा प्रश्न या मंडळाला पडत नाही, कारण पहिल्या डॉक्टरने काम कच्चे ठेवले, हे उत्तर तयारच असते. वस्तुस्थिती इतकी चविष्ट नाही. बायपास म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्या तुंबल्या असता तुंबलेली जागा टाळून रक्ताला दुसरी वाट काढून देणे; त्यासाठी छातीच्या आतल्या अंगाची एक धमनी आणि बहुधा पायातून काढलेली शीर वापरली जाते. छातीतली ही धमनी दहा वर्षांनंतरही दहापैकी सुमारे नऊ जणांत मोकळी राहते, तर पायातल्या शिरांपैकी जवळजवळ निम्म्या तेवढ्या काळात बंद पडतात. यात शिरेचा तसा दोष नसतो, कारण जन्मभर कमी दाबाचे रक्त संथपणे वर नेण्याची सवय असलेल्या त्या बिचारीला एकाएकी धमनीच्या दाबावर कामाला लावलेले असते. शिवाय मूळ रोगाने, साखरेने आणि खिशातल्या पुडीने मधल्या काळात कोणतीही सुटी घेतलेली नसते.

दुसरा वर्ग झडपांच्या रुग्णांचा. लहानपणी विशिष्ट जंतूंमुळे घसा दुखतो, त्यानंतर सांधे सुजतात, सांधे बरे होतात म्हणून घरचे लोक तो प्रकार विसरून जातात आणि हृदयाची झडप मात्र तो विसरत नाही. संधिवाताच्या या तापाने ती वर्षानुवर्षे जाड, आखूड आणि चिकट होत जाते. झडपेचे काम काय, हे नेवाशाच्या ऊसवाल्याला समजावून सांगावे लागत नाही. विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या तळाशी जो फूट व्हॉल्व्ह असतो, ज्याला शेतकरी बिनदिक्कत ‘फुटबॉल’ म्हणतो, तो गळू लागला की वर चढलेले पाणी उतरते आणि मोटार नुसतीच घरघरते. हृदयातही गळक्या झडपेमुळे पुढे गेलेले रक्त मागे येते आणि माणूस चार पायऱ्यांत धापा टाकू लागतो. ही तुलना वाटते तितकी गावठी नाही, कारण 1960 मध्ये अल्बर्ट स्टार या शल्यविशारदाबरोबर ज्यांनी हृदयात बसवण्याची पहिली यशस्वी कृत्रिम झडप तयार केली, ते लॉवेल एडवर्ड्स पंप आणि द्रवशक्ती या विषयांत हयात घालवलेले निवृत्त अभियंते होते. भारतात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या पुढाकाराने तयार झालेली देशी झडप 1990 मध्ये प्रथम माणसाच्या हृदयात बसली आणि झडपेची किंमत मध्यमवर्गाच्या हाताला लागू लागली.

झडप धातूची किंवा तत्सम कठीण पदार्थाची असते, नाहीतर प्राण्याच्या ऊतींची, म्हणजे डुकराची झडप किंवा गाय-बैलाच्या हृदयावरचे आवरण शिवून तयार केलेली. पहिली सहसा झिजत नाही, परंतु तिच्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. शिवाय रात्री सामसूम झाल्यावर तिची टिकटिक ऐकू येते, आणि ती ऐकून शेजारी झोपलेल्या नातवाने आजोबांच्या पोटात घड्याळ असल्याचा शोध लावलेला असतो. दुसरीला बहुधा अशी जन्मभराची गोळी लागत नाही, पण ती साधारण दहा ते पंधरा वर्षांत, आणि तरुण माणसात त्याहून लवकर, कडक होते किंवा फाटते. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या रुग्णाच्या बाबतीत सल्लागार मंडळाचा एक अख्खा दिवस या दुसऱ्या झडपेच्या धार्मिक अंगावर खर्च होतो, आणि आत गेलेली वस्तू तोंडावाटे गेलेली नसल्याने ती अभक्ष्यभक्षण ठरत नाही, असा निर्णय त्यातल्या त्यात विद्वान सदस्य देतो. या निर्णयात शास्त्र किती हे सांगता येत नसले तरी दिलासा पुरेसा असतो.

झडपेच्या निवडीतला सर्वांत अवघड हिशेब मात्र ओट्यावर कधी मांडलाच जात नाही, कारण तो बायकांचा असतो. संधिवाताच्या तापाने आखडलेली झडप स्त्रियांमध्ये अधिक आढळते. लग्न ठरलेल्या किंवा नुकतेच झालेल्या मुलीला झडप बदलावी लागली, तर रक्त पातळ करणारी गोळी पोटातल्या बाळाला घातक ठरू शकते म्हणून अनेकदा प्राण्याची झडप पत्करली जाते, आणि ती पत्करताना पंधरा वर्षांनी छाती पुन्हा उघडावी लागेल हे सगळ्यांना ठाऊक असते. ठाऊक असणे आणि ते वर्ष उजाडणे यांत अंतर असते. थोरली पोर दहावीत, धाकटा सातवीत, आणि आईची झडप बरोबर बोर्डाच्या परीक्षेच्या तोंडावर कडक झालेली, अशा घरात ‘परीक्षा झाल्यावर बघू’ हे उत्तर आई स्वतःच देते. पुरुषमाणसाला शर्टाची वरची दोन बटणे काढून चारचौघांत टाक्यांचा व्रण दाखवता येतो आणि त्यावर बोलता येते. बाईला ती सोय नसल्याने तिची सभा रक्त तपासणाऱ्या लॅबच्या बाकावर, नंबर येईपर्यंतच्या वेळात, हळू आवाजात भरते. तिथे मिळणारी माहिती, असे निरीक्षणान्ती म्हणावे लागते, ओट्यावरच्या माहितीपेक्षा पुष्कळ खरी असते.

लॅबच्या बाकावर बोलल्या जाणाऱ्या भाषेत ‘आयएनआर’ हा शब्द वारंवार येतो. रक्त गोठायला नेहमीपेक्षा किती पट वेळ लागतो हे दाखवणारा तो आकडा असून, निरोगी माणसात तो 1 च्या आसपास असतो, आणि कठीण झडप बसवलेल्याने तो, झडप कोणत्या जागी आहे त्यानुसार, साधारण 2 ते 3 किंवा 2.5 ते 3.5 या दरम्यान राखायचा असतो. त्यासाठी गोळी कधी अर्धी, कधी एक, कधी दीड घ्यावी लागते, आणि हा सगळा कारभार स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर चालतो: एकाच चौकोनात छापलेली एकादशी, तिच्याखाली पेनाने लिहिलेला दुधाचा खाडा, आणि कोपऱ्यात गोळीचा ‘१॥’. गोळीचे दोन भाग दाढीच्या जुन्या ब्लेडने ओट्याच्या कडप्प्यावर केले जातात. त्यातला एक भाग हमखास उडून मिक्सरमागे जातो, आणि तो सापडेपर्यंत घरातले कोणी जागचे हलत नाही. हिरव्या पालेभाज्यांतले के जीवनसत्त्व या गोळीच्या विरुद्ध काम करत असल्यामुळे मेथी कायमची बंद, असा फतवा गावात निघालेला असतो. वास्तविक डॉक्टरांचे सांगणे मेथी रोज साधारण तितकीच असू द्या, आज जुडी आणि पुढे महिनाभर काही नाही असे करू नका, एवढेच असते. परंतु ‘प्रमाणात’ हा शब्द उंबरठा ओलांडताना गळून पडतो आणि घरात फक्त ‘बंद’ पोचतो.

आता मुख्य प्रश्न. छाती दुसऱ्यांदा उघडणे पहिल्यापेक्षा जोखमीचे असते, आणि याचे कारण रुग्णाचे वाढलेले वय एवढेच नसते. पहिल्या वेळी छातीच्या मधल्या हाडाचे उभे दोन भाग करून, काम झाल्यावर ते पोलादी तारांनी आवळलेले असतात. हाड सांधते, पण आतले हृदय, त्यावरचे आवरण आणि हाडाची मागची बाजू ही दरम्यानच्या वर्षांत एकमेकांना चिकटून बसतात, आणि या चिकट्यांच्या आत पूर्वीच्या बायपासची चालू धमनीही कुठेतरी दडलेली असू शकते. म्हणून दुसऱ्या वेळी आधी सिटी स्कॅन काढून काय कुठे चिकटले आहे याचा नकाशा केला जातो, हाड कापण्याआधीच जांघेतल्या किंवा खांद्याजवळच्या रक्तवाहिनीतून हृदय-फुप्फुस यंत्र जोडण्याची तयारी ठेवली जाते, आणि चिकट्या सोडवण्यातच तासन्‌तास जातात. ज्या तालुक्यातल्या शनिशिंगणापुरात घरांना दारेच नसण्याची ख्याती आहे, तिथल्या माणसाने दार दुसऱ्यांदा उघडायला एवढे का भ्यावे, असा विनोद एखादा सदस्य करतो. त्यावर रुग्ण हसतो, पण हात छातीवर ठेवून हसतो.

रिडू होऊ शकते, आणि होऊन माणूस कामालाही लागू शकतो, याचा देशाने पाहिलेला दाखला डॉ. मनमोहन सिंग यांचा आहे. 1990 मध्ये इंग्लंडात त्यांचे पहिले बायपास झाले, मधल्या काळात अँजिओप्लास्टी झाली, म्हणजे तुंबलेल्या धमनीत फुगा फुगवून ती रुंद करण्यात आली, आणि 24 जानेवारी 2009 रोजी, पंतप्रधानपदी असताना आणि वयाची पंचाहत्तरी उलटलेली असताना, दिल्लीच्या एम्समध्ये मुंबईच्या डॉ. रमाकांत पांडा यांच्या पथकाने त्यांची छाती पुन्हा उघडली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्यांनी पंतप्रधानपदाची दुसऱ्यांदा शपथ घेतली, आणि त्यानंतर ते 2024 च्या डिसेंबरापर्यंत, वयाच्या 92 व्या वर्षापर्यंत जगले. हा दाखला ओट्यावर रोज दिला जातो. त्याला रुग्णाची बायको जे उत्तर देते ते अभ्यासकांनी नोंदवून ठेवण्यासारखे आहे: त्यांना सुट्टी झाल्यावर म्हशी बघायच्या नव्हत्या.

छाती न उघडता भागेल का, हा विचार अर्थातच होतो आणि व्हायलाही हवा. बंद पडलेल्या शिरेऐवजी मूळ धमनीतच स्टेंट, म्हणजे गावाच्या भाषेत ‘स्प्रिंग’, बसवता येईल का हे पाहिले जाते. 2017 च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने औषध लावलेल्या स्टेंटची किंमत तीस हजारांच्या आत आणल्यापासून हा पर्याय अंगावर येत नाही. झिजलेल्या प्राणिज झडपेच्या आत जांघेतल्या रक्तवाहिनीतून नवी घडीची झडप नेऊन उघडण्याचे तंत्रही, ज्याचे मूळ रूप फ्रान्समध्ये आलँ क्रिबिए यांनी महाधमनीच्या नैसर्गिक झडपेसाठी 2002 मध्ये प्रथम माणसावर वापरले, आता उपलब्ध आहे, पण त्यातल्या नुसत्या झडपेचीच किंमत लाखांत जाते, आणि ते प्रत्येकाच्या हृदयाला जमेलच असे नसते. छातीत दुखण्याचा त्रास आटोक्यात असलेल्या, प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णांवरच्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, ज्यात 5179 जण होते आणि ज्याचे निष्कर्ष 2019-20 मध्ये आले, सुरुवातीलाच स्टेंट किंवा बायपास केल्याने मृत्यू वा झटका यांचे प्रमाण औषधोपचारापेक्षा ठळकपणे घटल्याचे दिसले नाही, दुखणे मात्र अधिक कमी झाले. हा निष्कर्ष डाव्या मुख्य धमनीच्या रुग्णांना किंवा झडपेच्या रुग्णांना लागू होत नाही, ही तळटीप ओट्यापर्यंत येत नाही; तिथे फक्त ‘अमेरिकेनंच सांगितलंय, कापू नका’ एवढे येते.

नेवाशाची जागाही निर्णय सोपा होऊ देत नाही. गाव नगर आणि छत्रपती संभाजीनगर यांच्या जवळपास मधोमध असल्यामुळे नेवासा फाट्यावर उभा राहिलेला रुग्ण डावीकडे वळला तरी कोणीतरी नाराज होते आणि उजवीकडे वळला तरी होते. मेहुणा संभाजीनगरला, मुलगा पुण्याला, नगरचे आनंदऋषीजी रुग्णालय परवडणारे, शिर्डीला संस्थानचे रुग्णालय आणि शिवाय बाबांचे दर्शन, आणि मुंबईचे नाव मोठे पण तिथे उतरायचे कुणाकडे, असे पाच पक्ष होतात. पैशाचा पक्ष सहावा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला मिळणारे संरक्षण पूर्वीच्या दीड लाखावरून आता पाच लाखांवर गेले आहे, परंतु आपली शस्त्रक्रिया कोणत्या पॅकेजात आणि कोणत्या रुग्णालयात बसते हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला शिधापत्रिका दाखवून विचारल्याशिवाय कळत नाही, आणि शिधापत्रिकेवरचे नाव व आधारवरचे नाव यांत एक काना कमी असल्याचे नेमके त्याच दिवशी ध्यानात येते. सातवा पक्ष उसाचा. कारखान्याची तोड आली असता कोणताही स्वाभिमानी शेतकरी भूलतज्ज्ञापुढे आडवा होत नाही. धाप लागते आहे, पायांवर सूज आहे, तरी ‘ऊस गेल्यावर’ हीच तारीख पक्की असते. डॉक्टरांनी या ठिकाणी आवाज चढवावा, हे बरे. धापेने रात्री उठून बसावे लागत असेल तर तोडीची चिठ्ठी भावाकडे द्यावी आणि निघावे.

सल्लागार मंडळात बहुसंख्य सदस्य कधीही आजारी न पडलेले असतात, आणि त्यांचा आत्मविश्वास याच कारणाने अभंग असतो. लिंबू, आले, लसूण, मध आणि सफरचंदाचा शिरका यांचा आटवलेला काढा ‘ब्लॉकेज विरघळवतो’ असे त्यांच्यातला एक सांगतो. पिंपळाच्या पानांचा काढा दुसरा सांगतो. तिसरा दुधी भोपळ्याचा रस घेऊनच आलेला असतो. यातला तिसरा विनोदाचा विषय नाही, कारण कडू दुधीचा रस विषारी ठरून माणसे दगावलेली आहेत, आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या समितीला कडू लागल्यास तो रस टाकून द्यावा असे लोकांना सांगावे लागले. ज्या शिरेत पंधरा वर्षे चुना साचला ती आल्याने उघडेल अशी आशा धरणे माणसाला शोभून दिसते. त्या आशेवर गोळ्या बंद करणे शोभत नाही.

असा निर्णय घेण्याच्या बाबतीत नेवाशाला खरे तर परंपरा आहे. जिथे शके 1212 मध्ये पैस खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, त्या गावात कठीण प्रसंगी गळाठून खाली बसलेल्या आणि ‘करू की नको’ विचारणाऱ्या माणसाची गोष्ट सातशेहून अधिक वर्षे सांगितली जात आहे. त्या गोष्टीत सल्ला देणारा एकच होता, त्याला रणांगणाची माहिती होती, आणि सगळे पर्याय अठरा अध्याय समजावून सांगितल्यावर शेवटी त्याने तुला योग्य वाटेल ते कर असे सांगून निर्णय अर्जुनावरच सोपवला. संमतीपत्राचे याहून चांगले स्वरूप आधुनिक रुग्णालयांनाही साधलेले नाही. ओट्यावरचा फरक इतकाच, की तिथे सारथी अकरा असतात आणि घोडा एकच.

या अकरांत एक-दोन जण मात्र वेगळे असतात. ते सकाळी प्रवरेच्या बाजूला फिरायला येतात, सावकाश चालतात, आणि त्यांच्या शर्टाच्या गळ्यातून पांढरट रेघेचे वरचे टोक दिसत असते. त्यांच्याकडे उपचाराविषयी मत कमी आणि माहिती जास्त असते: खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची, दोन-अडीच महिने दुचाकी आणि पाण्याची बादली दोन्ही विसरायची, ज्या पायातली शीर काढली तो पाय छातीपेक्षा जास्त छळतो, तोंडाची चव जाते आणि परत येते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काही कारण नसताना रडू येते, ते बायकोपासून लपवायचे नाही, कारण तिला ते आधीच कळलेले असते. पहिल्या खेपेला माणूस अज्ञानाच्या बळावर स्ट्रेचरवर चढतो. दुसऱ्या खेपेला त्याला घशातली नळीसुद्धा आठवत असते, आणि त्या नळीविषयी बोलण्यासारखा दुसरा माणूस गावात सापडणे हा निम्मा उपचार होय. अमेरिकेत बॉस्टन शहरी 1951 मध्ये डॉ. ड्वाइट हार्केन यांच्या चार रुग्णांनी याच गरजेतून ‘मेंडेड हार्ट्स’ नावाची संघटना सुरू केली, आणि आजही तिचे शिकवून तयार केलेले सभासद, ज्यांच्यात पुष्कळ जण स्वतः शस्त्रक्रिया झालेले असतात, रुग्णालयात जाऊन नव्या रुग्णांना भेटतात. त्यांना एक पथ्य पाळावे लागते: वैद्यकीय सल्ला द्यायचा नाही. या एका पथ्यापायी त्या संघटनेची नेवाशात शाखा निघणे अवघड दिसते.

तरीही पथ्य शहाणपणाचे आहे, आणि त्याचे कारण कठोर आहे. प्रवरेकाठी फिरायला येणारे सगळे जण रिडू किंवा स्टेंट किंवा नुसत्या गोळ्या यांतून वाचलेले असतात. जे वाचले नाहीत ते फिरायला येत नाहीत, आणि त्यांची बाजू त्या सभेत कोणी मांडत नाही. त्यामुळे ‘मला काही झालं नाही’ हे वाक्य सांगणाऱ्यापुरते शंभर टक्के खरे आणि ऐकणाऱ्यासाठी जवळपास निरुपयोगी असते. ज्यांची छाती उघडली त्यांना ‘कसं होतं, कसं निभावलं’ हे विचारावे. ‘काय करावं’ हे मात्र हृदयरोगतज्ज्ञ आणि शल्यविशारद या दोघांना, शक्यतो एकत्र बसवून, विचारावे, आणि विचारताना अशा किती दुसऱ्या शस्त्रक्रिया आपल्या हातून झाल्या, त्यांत काय झाले, आणि सहा महिने थांबल्यास काय बिघडेल, हे संकोच न करता विचारावे. जो डॉक्टर या प्रश्नांवर रागावतो त्याची फाइल घेऊन दुसऱ्याकडे जावे. जो आकडे सांगतो त्याचे ऐकावे.

राहता राहिले मंडळातले उरलेले सदस्य, ज्यांना काहीतरी दिल्याशिवाय राहवत नाही. चिकट्या सोडवताना रक्तस्राव अधिक होत असल्याने रिडूला पहिल्या शस्त्रक्रियेपेक्षा जास्त रक्त हाताशी ठेवावे लागते, आणि रुग्णालय नातेवाइकांना रक्तदाते घेऊन या असे सांगतेच. अठरा ते पासष्ट वयाचा, पंचेचाळीस किलोहून अधिक वजनाचा निरोगी माणूस रक्त देऊ शकतो. तेव्हा ओट्यावर बसणाऱ्यांना विनंती एवढीच, की काढ्याची कृती सांगण्याआधी आपला रक्तगट सांगावा आणि गाडी कधी निघते ते विचारून घ्यावे.